मागचा दरवाजा

११ एप्रिल १९५५ रोजी दुपारी हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरून एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान जकार्ताकडे निघाले. लॉकहीड कॉन्स्टलेशन जातीचे, चार इंजिनांचे, त्या काळातले देखणे विमान. इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात १८ एप्रिलपासून आशिया-आफ्रिकेतल्या २९ देशांची परिषद भरणार होती. तिच्यासाठी निघालेले चीनचे काही प्रतिनिधी आणि पत्रकार विमानात होते, शिवाय एक व्हिएतनामी अधिकारी, एक पोलिश आणि एक ऑस्ट्रियन पत्रकार. प्रवासी एकूण ११, कर्मचारी ८. कॅप्टन होते दामोदर काशिनाथ जटार. सहवैमानिक दीक्षित, दिशादर्शक पाठक आणि देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक. नावे वाचूनच मराठी वाचक सावरून बसेल.

खरे तर या विमानातून चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय जायचे होते. ऐन वेळी त्यांचा बेत बदलला. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचे कारण सांगितले गेले, आणि काही दिवसांनी ते रंगूनमार्गे बांडुंगला पोहोचले. कटाची कुणकुण त्यांना आधीच लागली होती, असे पुढे काही अभ्यासकांनी मांडले. तसे असेल तर बाकीच्यांना त्याच विमानात का बसू दिले, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. एवढे मात्र नक्की, की उड्डाणाच्या आदल्या दिवशी चीनने बीजिंगमधल्या ब्रिटिश प्रतिनिधीला सावध केले होते. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते.

उड्डाणानंतर सुमारे पाच तासांनी, १८,००० फुटांवर, स्फोटाचा आवाज झाला. उजव्या बाजूच्या चाकांच्या कप्प्यात तो झाला होता. इंधनाची टाकी फुटली, पंखाला आग लागली, केबिनमध्ये धूर भरू लागला. खाली दक्षिण चीन समुद्र. जटारांनी विमान पाण्यावर उतरवायचे ठरवले. रेडिओ बंद पडण्याआधी तीन वेळा संकटाचा संदेश गेला, त्यात नातुना बेटांजवळचा ठावठिकाणा होता. हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना जीवरक्षक जाकिटे दिली, आणीबाणीचे दरवाजे उघडले. विमानाचा उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तुकडे झाले. दीक्षित, पाठक आणि कर्णिक एवढे तिघे वाचले, १६ जण गेले. जटार आणि बेरी त्यातच होते. कर्णिकांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले. या कर्मचाऱ्यांना अशोक चक्र मालिकेतले शौर्यसन्मान मिळाले, जटार आणि बेरी यांना मरणोत्तर.

अवशेष समुद्रातून वर काढले गेले. २६ मे १९५५ रोजी इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने जाहीर केले, की हा टाइमबॉम्बचा स्फोट होता, बॉम्बचा डिटोनेटर अमेरिकी बनावटीचा होता आणि बॉम्ब बहुधा हाँगकाँगमध्येच ठेवला गेला होता. भारताने आपल्या गुप्तचर खात्यातला एक तरुण अधिकारी तपासासाठी पाठवला होता. त्याचे नाव रामेश्वरनाथ काव. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या ‘रॉ’चे पहिले प्रमुख तेच.

आता या प्रकरणाच्या दृष्टीने मुद्द्याची गोष्ट. हाँगकाँग पोलिसांनी त्या विमानाच्या देखभालीशी संबंध आलेल्या ७१ जणांची चौकशी केली. संशय येऊन थांबला तो एका सफाई कामगारावर. विमानांची दुरुस्ती-देखभाल करणाऱ्या कंपनीत तो झाडलोट करायचा, त्याची तीन-चार खोटी नावे होती. तैवानमधल्या कोमिन्टांग राजवटीच्या हस्तकांनी त्याला सहा लाख हाँगकाँग डॉलरचे आमिष दाखवले होते, असा निष्कर्ष निघाला. हातात पैसा खेळू लागल्यावर तो आपल्या कर्तबगारीच्या बढाया मारू लागला. पोलिस त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधी, १८ मे रोजी, तो एका विमानात लपून तैवानला निसटला. हाँगकाँगने त्याला परत मागितले, तैवानने दिले नाही आणि तो आपला माणूस असल्याचेही नाकारले. या खुनांसाठी कोणावरही खटला चालला नाही.

चाकांच्या कप्प्यापर्यंत पोहोचायला विमानात शिरावे लागत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाखाली ज्याला जाता येते, त्याला ते पुरे असते. त्या दिवशी काई ताकवर एकूण एक प्रवाशाला बूट काढायला लावून तपासले असते, तरी ‘काश्मीर प्रिन्सेस’ वाचले नसते. विमानतळाला दोन दरवाजे असतात. पुढच्या दरवाजाने प्रवासी येतात आणि सुरक्षेचा सगळा देखावा तिथे मांडलेला असतो. मागच्या दरवाजाने झाडूवाले, सामान चढवणारे, इंधनवाले, जेवणाच्या गाड्या, मेकॅनिक, कंत्राटदाराची माणसे येतात. विमानाच्या सर्वांत जवळ जाणारी माणसे हीच. जगाने मात्र पहारा आधी पुढच्या दरवाजावर बसवला, आणि त्यालाही कारण होते.

कारण म्हणजे विमान पळवणे. १९६० च्या दशकाअखेर अमेरिकेत विमाने क्यूबाकडे वळवण्याची लाटच आली. १९६८ ते १९७२ या पाच वर्षांत तिथे विमानअपहरणाचे शंभराहून अधिक प्रयत्न झाले. प्रवाशांना तपासायचे म्हणजे गिऱ्हाइकांना गुन्हेगार समजायचे, म्हणून विमान कंपन्यांनी बराच काळ विरोध केला. नोव्हेंबर १९७२ मध्ये एका विमानाच्या अपहरणकर्त्यांनी ओक रिज इथल्या अणुकेंद्रावर विमान आदळण्याची धमकी दिली, तेव्हा तो विरोध संपला. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातल्या सामानाची तपासणी सक्तीची झाली. आपल्याकडे ३० जानेवारी १९७१ रोजी श्रीनगरहून जम्मूला निघालेले ‘गंगा’ हे फोकर विमान लाहोरला नेले गेले आणि तिथे जाळले गेले. सप्टेंबर १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे आणखी एक विमान पळवले गेले, त्यानंतर पांडे समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा वेगळा कक्ष उघडला. आजच्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे, म्हणजे बीसीएएसचे, ते मूळ.

अपहरणकर्त्याला विमानात स्वतः बसावे लागते. धातुशोधकाची चौकट त्याच्यासाठीच घडवलेली आहे. ज्याला विमानात बसायचेच नाही, त्याचे काय, हा प्रश्न १९८५ पर्यंत कोणी फारसा विचारला नाही.

२२ जून १९८५ ला कॅनडातल्या व्हँकूव्हर विमानतळावर ‘एम. सिंग’ या नावाचा एक माणूस काउंटरवर आला. त्याचे तिकीट टोरोंटोपर्यंत पक्के होते, पुढच्या एअर इंडियाच्या विमानात तो प्रतीक्षायादीवर होता. नियमाप्रमाणे बॅग टोरोंटोपर्यंतच जायला हवी होती. ती थेट पुढे पाठवा म्हणून तो हटून बसला. मागे रांग खोळंबली होती. काउंटरवरच्या बाईंनी अखेर बॅगेला चिठ्ठी लावली. बॅग गेली, माणूस गेला नाही. टोरोंटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले आणि उरलेल्या बॅगा हातातल्या एका साध्या शोधकयंत्राने तपासल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ, ३१,००० फुटांवर, ‘कनिष्क’ हे जंबो जेट फुटले. ३२९ माणसे गेली, त्यातली बहुतेक कॅनडाची नागरिक होती. त्याच सुमारास जपानमधल्या नारिता विमानतळावर एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायची बॅग फुटून सामान वाहणारे दोन कामगार मेले. या दोघांचा उल्लेख आकड्याशेजारी एखाद्या ओळीत होतो आणि संपतो. मागच्या दरवाजाने आत येणारी माणसे धोक्याच्याही सर्वांत जवळ असतात, हे आपण सहज विसरतो.

‘कनिष्क’नंतर एक नियम पक्का झाला: ज्याची बॅग, तो विमानात हवा. प्रवासी चढला नाही, तर त्याचे सामान शोधून उतरवायचे. आज हे काम संगणक आणि बारकोड करतात. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांना मात्र विमानाच्या शिडीजवळ, उन्हात ओळीने मांडलेल्या बॅगा आठवत असतील. आपली बॅग बोटाने दाखवायची, मगच ती पोटात जायची. कोणी बोट न दाखवलेली बॅग तिथेच राहायची. पद्धत कटकटीची होती, पण इतक्या साध्या आणि भक्कम तपासण्या त्यानंतर फार थोड्या निघाल्या. १ एप्रिल १९८७ रोजी बीसीएएसला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला, तोही ‘कनिष्क’मुळेच.

‘कनिष्क’च्या पुढच्याच वर्षी तिसरी वाट दिसली होती, ती गणवेशाची. ५ सप्टेंबर १९८६ रोजी पॅन अ‍ॅमचे ७३ क्रमांकाचे विमान मुंबईहून निघून पहाटे कराचीला उतरले. पुढे फ्रँकफुर्ट आणि न्यूयॉर्क. धावपट्टीच्या बाजूने, सायरन वाजवत, विमानतळ सुरक्षेच्या गाडीसारखी रंगवलेली एक व्हॅन थेट विमानाच्या शिडीपाशी आली. त्यातून सुरक्षारक्षकांच्या वेशातले चार हत्यारबंद लोक उतरले. त्यांना कोणी अडवले नाही, कारण अडवणाऱ्यांचाच वेश त्यांनी घातला होता. मुंबईत वाढलेल्या हवाईसुंदरी नीरजा भनोतने कॉकपिटला वेळीच इशारा दिला. वैमानिक छतावरच्या झडपेतून बाहेर पडले आणि विमान जमिनीवरच अडकून पडले. सोळा-सतरा तासांनंतर गोळीबार झाला. त्यात सुमारे वीस जण मेले. प्रवाशांना बाहेर काढता काढता नीरजा गेली, तेविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना. तिच्या धैर्याची गोष्ट घरोघरी पोहोचली आणि ते योग्यच झाले. ती व्हॅन फाटकातून आत आली कशी, हा प्रश्न तेवढा गाजला नाही.

आणि मग ओळखपत्र. ७ डिसेंबर १९८७ रोजी कॅलिफोर्नियात पीएसए कंपनीचे १७७१ क्रमांकाचे विमान लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना डोंगराळ भागात कोसळले, ४३ ठार. विमान कंपनीने चोरीच्या आरोपावरून काढून टाकलेला एक कर्मचारी विमानात होता आणि त्याला काढणारा साहेबही. नोकरी गेली होती, पण ओळखपत्र खिशातच होते. ते दाखवून तो पिस्तुलासह तपासणी टाळून आत गेला. चोरीची रक्कम होती ६९ डॉलर. त्यानंतर अमेरिकेत दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. नोकरी सुटताच ओळखपत्र जमा करायचे, आणि विमानाच्या कर्मचाऱ्यांनीही प्रवाशांसारखीच तपासणी द्यायची.

जमिनीवर काम करणाऱ्यांचे काय? त्यांचे घोडे अनेक देशांत अडलेच. हजारो माणसे दिवसातून दहा वेळा आत-बाहेर करतात, सगळ्यांना प्रत्येक वेळी तपासले तर विमाने सुटायची कधी, हा युक्तिवाद अमेरिकेत वर्षानुवर्षे चालला. त्याचे फळ २०१४ च्या अखेरीस अटलांटात दिसले. तिथला एक सामान चढवणारा कामगार बंदुका आत नेत असे. त्याचा साथीदार साधा प्रवासी म्हणून रांगेतून, स्वच्छ, निर्दोष, तपासणी देऊन आत येई. दोघे आतल्या प्रसाधनगृहात भेटत, बंदुका हातबदल होत आणि विमानाने न्यूयॉर्कला जात. अशा शंभराहून अधिक बंदुका गेल्या. हेतू फक्त धंद्याचा होता, म्हणून विमाने वाचली. २ फेब्रुवारी २०१६ रोजी सोमालियातल्या मोगादिशूहून निघालेल्या दालो एअरलाइन्सच्या विमानात हेतू वेगळा होता. विमानतळावरच्या कॅमेऱ्यांत दिसले, की आतल्याच माणसांनी प्रवाशाच्या हाती लॅपटॉप दिला. त्यात बॉम्ब होता. विमान पुरेसे उंच गेले नव्हते म्हणून भगदाड पडूनही ते परत उतरवता आले. बॉम्ब नेणारा तेवढा बाहेर फेकला जाऊन मेला.

मुंबईकरांना या वाटेची ओळख सोन्यामुळे आहे. परदेशातून आलेला प्रवासी सोन्याची भुकटी मेणात कालवून आणतो, सीमाशुल्काच्या टेबलाआधी ती प्रसाधनगृहात ठेवतो किंवा विमानतळावरच्या एखाद्या कामगाराच्या हाती देतो, आणि तो कामगार आपल्या दरवाजाने ती बाहेर काढतो. अशा अटकांच्या बातम्या आपण पान तीनवर वाचतो आणि करचुकवेगिरी म्हणून सोडून देतो. मला ही बातमी पहिल्या पानाची वाटते. ज्या वाटेने सोने बाहेर येते, त्या वाटेने काहीही आत जाऊ शकते, आणि पाच-दहा हजारांसाठी पुडी नेणारा माणूस पुडीत काय आहे हे दर वेळी विचारेलच असे नाही.

भारतात या दरवाजावर आज बऱ्यापैकी कडक पहारा आहे, हे सांगायला हवे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले आयसी-८१४ कंदाहारला नेले गेले. तोवर विमानतळांची सुरक्षा त्या त्या राज्याच्या पोलिसांकडे होती. त्यानंतर ती केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, सीआयएसएफकडे, द्यायला सुरुवात झाली, फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून. विमानतळाच्या आत काम करायचे तर बीसीएएसचा प्रवेश परवाना लागतो, बोलीभाषेत ‘एईपी’. त्यासाठी पोलिसांकडून पार्श्वभूमीची पडताळणी होते. परवान्यावर कोणत्या भागात जाता येईल ते लिहिलेले असते, आणि आता तो बोटांच्या ठशांशी जोडला जातो आहे. आत शिरताना कर्मचाऱ्याचीही झडती होते. मेकॅनिकच्या पेटीतली हत्यारे नोंदवून आत जातात आणि मोजून बाहेर येतात. जेवणाच्या गाड्यांना सील असते. विमान घातपाताच्या दृष्टीने तपासले जाते, त्यात आसनांखालची जागा, प्रसाधनगृहे आणि चाकांचे कप्पेही येतात. विमानाच्या शिडीजवळ सुरक्षा कर्मचारी उभा असतो, तो चढणाऱ्या सफाई कामगाराचीही नोंद घेतो. प्रवाशाला यातले जवळजवळ काहीच दिसत नाही.

मे २०२५ मध्ये या अदृश्य बाजूवर अचानक प्रकाश पडला. विमानतळांवर जमिनीवरच्या सेवा देणाऱ्या चेलेबी या मूळच्या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी बीसीएएसने राष्ट्रीय सुरक्षेचे कारण देऊन काढून घेतली. मुंबईत या कंपनीचे काम फार मोठे होते. कंपनीने आरोप नाकारले आणि ती न्यायालयात गेली. सरकारने आपली माहिती बंद लिफाफ्यात न्यायालयाला दिली, आणि जुलैमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सरकारचा निर्णय कायम ठेवला. लिफाफ्यात काय होते ते आपल्याला कळलेले नाही, त्यामुळे निर्णयाच्या बरे-वाईटपणावर बोलण्यात अर्थ नाही. पण आपल्या बॅगा कोण उचलतो, हे अनेक प्रवाशांना त्या आठवड्यात पहिल्यांदा समजले.

पडताळणीची एक मर्यादा मात्र कोणत्याच परवान्याने भरून निघत नाही. पोलिस माणसाचा भूतकाळ तपासतात. विमानतळावर काम करताना त्याच्यावर कर्ज झाले, त्याला कोणी धमकावले, घरात आजारपण आले, की तो कोणता निर्णय घेईल, हे कागदावर उमटत नाही.  जमिनीवरचे काम आज बहुतांशी कंत्राटी आहे. पगार बेताचा, पाळ्या विचित्र, माणसे सतत बदलणारी. जो कामगार सहा महिन्यांत निघून जातो, त्याच्या शेजाऱ्याला त्याची चाल ओळखीची होत नाही. ‘हा आज वेगळा वागतोय’ हे ओळखायला यंत्र लागत नाही, जुना सहकारी लागतो. म्हणून मला असे वाटते, की विमानाखाली काम करणाऱ्याला कायम नोकरी आणि बरा पगार देणे हा कामगार कल्याणाइतकाच सुरक्षेचाही खर्च आहे. शरीर दाखवणाऱ्या नव्या महागड्या यंत्रांच्या खरेदीला जेवढी घाई असते, तेवढी इथे दिसत नाही.

झडतीतून सूट असलेल्या पदांची यादीही आपल्या विमानतळांवर लावलेली असते. ती लांबच लांब आहे. पदाला मान द्यावा, पण पदाच्या मागे चालणाऱ्या सहायकाच्या हातातली बॅग कोणाची आणि ती कोणी भरली, हा प्रश्न उरतोच.

पुढच्या प्रवासात तपासणीच्या रांगेत गणवेशातले वैमानिक किंवा हवाईसुंदऱ्या तुमच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या तर कुरकुर करू नका. त्यांची बॅगही त्याच पट्ट्यावरून यंत्रात जाते आहे ना, एवढे पाहा. जात नसेल, तर तक्रार त्याची करा.